शिदूमामा आणि ठोकळ्यांचा डबा

बोरखडी गावात शिदू नावाचा एक भोळा गडी राहायचा. चांगला थोराड गडी. मिशा होत्या, मिशांत पांढरे केसही डोकावायला लागले होते. पण कुणी काही सांगितलं की ते जसंच्या तसं करायचं, एवढंच त्याला यायचं. "जरा पाय मोकळे करून ये" म्हटलं की चपला काढून ठेवायचा आणि अनवाणी हिंडून यायचा. "डोळ्यांत तेल घालून बस" असं एकदा कुणीतरी त्याला म्हणालं होतं. तेव्हा दवाखान्यात न्यावं लागलं.

शिदू आपल्या थोरल्या बहिणीकडे राहायचा. बहीण पारूआक्का, तिचा नवरा रंगनाथदाजी, आणि त्यांचं बाळ मुकुंदा. मुकुंदा आता भिंतीला धरून उभा राहायचा. दिसेल ते उचलायचा आणि उचलेल ते तोंडात घालायचा. भुईवरचा खडा, दाजींच्या चपलेचा अंगठा, एकदा तर शिदूच्या मिशीचं टोक. शिदूचा त्याच्यावर भारी जीव. मिशी चावली तरी तो हलला नाही. बाळाचं पोट भरेपर्यंत तसाच बसून राहिला.

मुकुंदाचा पहिला वाढदिवस जवळ आला. आक्का म्हणाली, "शिद्या, शेटेअण्णांच्या दुकानातून बाळाला एखादं खेळणं आण. पुष्कळ दिवस पुरेल असं बघ."

शिदू दुकानात गेला. चेंडू बघितला. एकच होता. बाहुला बघितला. तोही एकच. मग त्याला एक डबा दिसला. आत रंगीबेरंगी ठोकळे, एकात एक अडकवून घर बांधायचे. केवढे तरी! रोज एक दिला तरी पुष्कळ दिवस पुरतील, असा विचार करून शिदूनं डबा उचलला.

घरी येऊन त्यानं मुकुंदाला पहिला ठोकळा दिला. मुकुंदानं तो लगेच तोंडात टाकला.

आक्का चुलीपुढून अशी धावली की हातातली भाकरी हातातच राहिली. तिनं बाळाच्या गालफडातून ठोकळा काढला. 

"अरे, घशात अडकला असता म्हणजे? पोराचा श्वास कोंडला असता! ऐक नीट. तोंडात मावेल अशी एकही वस्तू खाली दिसता कामा नये. सगळं माळ्यावर ठेवायचं!"

"बरं आक्का. ध्यानात ठेवलं."

आणि त्यानं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आक्का बाळाला घेऊन विहिरीवर गेली. शिदूनं घर तपासायला घेतलं. तोंडात मावतं की नाही, हे तोंडात घातल्याशिवाय कसं कळणार? म्हणून त्यानं एकेक वस्तू तोंडात घालून बघितली. लसूण मावला. माळ्यावर. लिंबू मावलं. माळ्यावर. बटाटे मावले, चिंच मावली, दाजींची तंबाखूची डबी जरा आडवी करून मावली. शिदूला ठसका लागला, पण काम अर्धवट टाकणारा तो नव्हे. कुलूप मावलं, किल्लीही मावली. तीही माळ्यावर.

मग राहिला एक कांदा. चांगला टपोरा. तो आत गेला, पण बाहेर येईना.

तेवढ्यात रंगनाथदाजी शेतातून आले. भूक लागलेली. "शिदू, आक्का कुठाय?"

"ऊं ऊं ऊं," शिदू म्हणाला.

"जेवायला काय आहे?"

शिदूनं माळ्याकडे बोट दाखवलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी. दाजी घाबरले. त्यांना वाटलं, माळ्यावर साप आहे. ते काठी घेऊन शिडी चढले आणि त्यांच्या डोक्यावर बटाट्यांचा पाऊस पडला.

आक्का आली. तिनं भावाच्या नाकपुड्या चिमटीत धरल्या, पाठीत एक धपाटा घातला, आणि कांदा सुटून दाजींच्या कपाळावर बसला.

"अरे खुळ्या! तुझ्या तोंडाचं माप कोण विचारतंय? बाळाच्या तोंडाचं माप बघायचं! आणि यापुढं घरात काही आणलंस, तर ते बाळाच्या तोंडात मावणार नाही एवढं मोठं आण."

"असं होय! बरं आक्का. ध्यानात ठेवलं."

वाढदिवसासाठी आक्का नवा ब्लाऊज शिवत होती. तिनं शिदूला सुई आणि बटणं आणायला धाडलं. शिदूनं आधी मुकुंदा जांभई देईपर्यंत वाट बघितली. जांभई आली तशी दोन बोटं ताणून तिचं माप घेतलं, आणि बोटं तशीच हवेत धरून तो बाजारात गेला. वाटेत लोकांनी रामराम केला, तर त्यानं दुसऱ्या हातानं केला.

"बटणं द्या," तो शेटेअण्णांना म्हणाला.

अण्णांनी बटणं दाखवली.

"मोठी द्या."

त्यांनी कोटाची बटणं काढली.

"ही तर जांभईत मावतात!" शिदूनं बोटं पुढं केली. "याच्याहून मोठी पाहिजेत."

अण्णा वैतागले. "एवढी मोठी बटणं नसतात रे. एवढी झाकणं असतात!"

"मग झाकणं द्या."

शिदू घरी आला. एका हातात पातेल्यांची झाकणं, दुसऱ्या खांद्यावर पहार.

"हे काय?" आक्कानं विचारलं.

"बटणं."

"आणि ती पहार?"

"सुई. दोरा ओवायला भोक नाही तिला. पण बाळ गिळायचं नाही, ही माझी खात्री."

आक्का मटकन खाली बसली. हसावं की रडावं, तिला कळेना. शेवटी दोन्ही थोडं थोडं करून ती म्हणाली, "शिद्या, बारीक वस्तू बारीकच आणायची असते. फक्त मोकळी आणायची नाही. एखाद्या डब्यात घालायची, वरून घट्ट झाकण लावायचं, बांधून टाकायचं. बाळाला उघडता आलं नाही म्हणजे झालं."

"हे आधी सांगायचं ना! बरं आक्का. ध्यानात ठेवलं."

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी दाजींचे वडील, आबा, धाकट्या लेकाकडून यायचे होते. आक्का म्हणाली, "शिद्या, एस. टी. थांब्यावर जा आणि आबांना घेऊन ये. सांभाळून आण हं. तापानं फार बारीक झालेत ते."

शिदू दारातून परत फिरला. "बारीक झालेत?"

"अगदी बारीक."

"बरं झालं सांगितलंस."

त्यानं शेजाऱ्याचा हातगाडा घेतला. त्यावर कोंबड्या झाकायचं सगळ्यात मोठं डालगं ठेवलं आणि थांब्यावर गेला. आबा उतरले. खरोखरच बारीक झाले होते. शिदू त्यांच्या पाया पडला, मग त्यांना अलगद उचलून गाड्यावर बसवलं, वरून डालगं पालथं घातलं आणि सुंभानं करकचून बांधलं.

"अरे शिदू! अरे, काय करतोस?"

"आबा, तुम्ही काळजी करू नका. बाळाला उघडता येणार नाही."

भर पेठेतून गाडा निघाला. डालग्याच्या भोकांतून आबांची बोटं बाहेर येत होती. पोरं मागं पळत होती. एका म्हातारीनं "केवढ्याला दिला?" असंसुद्धा विचारलं. आतून आबांनी जे काही सांगितलं, ते ऐकून म्हातारीनं कानांवर पदर घेतला.

घरी आल्यावर दाजींनी सुंभ कापला. आबा बाहेर आले, तेव्हा त्यांच्या पांढऱ्या केसांत कोंबडीची पिसं होती. ते शिदूवर ओरडायला गेले, पण आवाज बसला होता. मग आक्कानंच ओरडून घेतलं.

"दारात आलेल्याला डालग्यात घालतात होय रे? हात जोडायचे! 'या, बसा' म्हणायचं! पाणी द्यायचं, खायला पुढं ठेवायचं. येईल त्याचा मान राखायचा!"

शिदूला फार वाईट वाटलं. त्यानं आबांच्या केसांतली पिसं एकेक करून वेचली. "बरं आक्का. आता चुकायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का मुकुंदाला न्हाऊ घालत होती. ओसरीवर शिदू एकटाच होता. तेवढ्यात दारात शेजारची शेळी आली.

शिदू उठला. हात जोडले. "या, बसा."

शेळी आली. बसली मात्र नाही.

त्यानं तांब्याभर पाणी दिलं. शेळीनं ते लवंडून दिलं. त्यानं शंकरपाळ्यांची परात पुढं सरकवली. शेळीनं शंकरपाळे खाल्ले. "आणखी घ्या, लाजू नका," असं म्हणून शिदूनं लाडवांची परात ठेवली. शेळी लाजली नाही. मग तिनं दोरीवरचा नवा ब्लाऊज चघळायला घेतला. शिदूला ते जरा जास्त वाटलं, पण पाहुणीला बोलायचं कसं? तो पदर धरतात तशी ब्लाऊजची दुसरी बाही धरून अदबीनं उभा राहिला.

आक्का बाहेर आली. पुढचं थोडा वेळ सगळ्या आळीला ऐकू आलं.

"असल्यांना काठी दाखवायची!" ती शेवटी म्हणाली. "न बोलावता आत शिरलं की 'हाड्' करायचं आणि फाटकाबाहेर पिटाळायचं!"

"बरं आक्का," शिदू म्हणाला आणि काठी घेऊन दारातच बसला.

थोड्याच वेळात अंगणवाडीच्या शालनताई बाळाचं वजन करायला आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"हाड्!" शिदू म्हणाला.

"अहो शिदूमामा, मी शालन!"

"हाड् हाड्!"

ताई पुढं, शिदू मागं. अंगणाला फेऱ्या सुरू झाल्या. वजनकाटा एकीकडे, पिशवी एकीकडे. ताई अखेर कालच्याच हातगाड्यावर चढल्या आणि तिथून ओरडल्या. आक्का, दाजी, आबा, सगळे धावत आले. आक्कानं काठी हिसकावून घेतली.

"अरे, बाळाच्या भल्यासाठी येतात त्या! त्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, कळलं?"

शिदू आत पळाला, गोधडी घेऊन आला आणि शालनताईंच्या तोंडाखाली पसरून धरली. "बोला ताई. एकही खाली पडू देणार नाही."

ताई मुळात हसऱ्या होत्या. गाड्यावर बसूनच त्या इतक्या हसल्या की गाडा पुढं सरकला. मग खाली उतरून त्यांनी बाळाचं वजन केलं. एवढ्यात आबांनी माळ्यावरचा ठोकळ्यांचा डबा काढून त्यांना दाखवला. "ताई, या डब्यानंच आमच्या घराचं वाटोळं केलं बघा."

ताईंनी डबा फिरवून बघितला आणि गंभीर झाल्या. "हे बघा शिदूमामा. इथं लिहिलंय, तीन वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी. या वयाचं लेकरू सगळं तोंडात घालतं. असा तुकडा घशात बसला, तर ओरडायलासुद्धा येत नाही त्याला. म्हणून हे लिहिलेलं असतं. हा डबा तीन वर्षांच्या पुढचा आणि तुमचा मुकुंदा एक वर्षाचा. जुळत नाही ना?"

शिदूनं डब्याकडे बघितलं. मुकुंदाकडे बघितलं. "नाही जुळत."

"मग दुकानात जा आणि बदलून आणा. शेटेअण्णा नाही म्हणायचे नाहीत."

शिदूच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांत कुणी त्याला इतकं समजावून सांगितलं नव्हतं. "आत्ता जातो ताई."

आक्का नव्यानं शंकरपाळे तळायला बसली. दाजी ताईंना पोचवायला गेले. आबा आत जरा आडवे झाले होते. घर शांत होतं. आक्काच्या मनात आलं, चला, एवढं एक काम तरी शिदूला धड जमेल. जिन्नस न्यायचा आणि बदलून आणायचा. यात चुकण्यासारखं काय आहे?

कढई उतरते न उतरते तोच शिदू परत आला. चेहरा नुसता फुललेला.

"आक्का! आणलं बघ बदलून!"

आक्कानं वळून बघितलं. ठोकळ्यांचा डबा ओसरीवर होता तिथंच होता. शिदूच्या हाताला धरून शेटेअण्णांची नात अंबी उभी होती. दोन वेण्या, लाल फिती, हातात अर्धं खाल्लेलं बिस्कीट.

"चार वर्षांची आहे," शिदू म्हणाला. "तीनची मागितली होती, पण तीनची शिल्लक नव्हती. दात सगळे आहेत. बोलतेसुद्धा. अंबे, बोलून दाखव."

"ठोकळे कुठंयत?" अंबी म्हणाली.

आक्काच्या हातातला झारा कढईत पडला. "शिद्या... मुकुंदा कुठाय?"

"दुकानात. अण्णा गिऱ्हाइकात होते, म्हणून अंबीच्या आजीच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, हा जुळत नाही, एकच वर्षाचा आहे. आजी म्हणाल्या, असू दे, असू दे, माझ्यापाशी राहू दे. एका शब्दानं वाद घातला नाही बघ. फार चांगलं दुकान आहे."

आक्कानं पदर खोचला आणि पिठाच्या हातांनी, अनवाणी, पेठेच्या दिशेनं अशी धूम ठोकली, की अंगणातली शेळीसुद्धा बाजूला झाली.

शिदूला काही कळेना. मग त्याच्या एकदम लक्षात आलं. त्यानं घाईघाईनं अंबीला खांद्यावर घेतलं आणि तो आक्काच्या मागं जिवाच्या आकांतानं ओरडत पळत सुटला :

"अगं आक्का, थांब! पसंत नसली तर हिला घेऊन तरी जा! रिकाम्या हातानं गेल्यावर बदलून कोण देईल?"