सोंड न उचलणारा हत्ती

एक होतं गाव, टेंभुर्णवाडी. तिथं राजा नव्हताच, बरं का! होता एक दगडी हत्ती, पाटाच्या तोंडाशी बसलेला. पाटलानं "ऊठ बाबा" म्हटलं की तो सोंड उचलायचा, की पाणी शेतात. आणि पाटील कोण? ज्याच्या कपाळाला घरोघरच्या चुलीची राख लागेल, तो.

मग एकदा परकी फौज आली. जुना पाटील लढाईत गेला. फौजेच्या सेनापतीनं गावातल्याच राणोजीला बोलावलं. राणोजी वाईट नव्हता हं. त्याला वाटलं, कुणीतरी गाव सांभाळायला हवंच, मग मी का नको? सेनापतीनं त्याला जरीचा फेटा बांधला. "झालास पाटील!"

राणोजी म्हणाला, "ऊठ बाबा." हत्ती ढिम्म.

मग शिपायांनी घरोघरच्या चुली उकरल्या नि राख राणोजीच्या कपाळाला फासली. भूतच दिसत होता बिचारा! हसू नका. तो पुन्हा म्हणाला, "ऊठ बाबा." हत्तीनं डोळेच मिटून घेतले.

इकडे ज्वारी करपली. राणोजीची गाय उठेना. मग तो गेला गिरजाक्काकडे. लढाईत अख्ख्या गावची पोरं हिनंच लपवली होती. ती म्हणाली, "अरे, राख ज्यानं त्यानं आपल्या हातानं लावायची. भाल्याच्या धाकानं लावलेली ती कसली राख?"

मग राणोजीनं फेटा सेनापतीपुढे ठेवला. "फौज टेकडीपलीकडे न्या. भाल्यांच्या धाकात हत्ती उठायचा नाही, नि तुमचे घोडेही तहानेनं मरतील." सेनापती चिडला, पण घोडे खंगलेच होते. गेला.

मग गाव पारावर जमलं. राणोजीनं कपाळ पुढं केलं. माणसं त्याच्यासमोरून पुढं गेली आणि राख लावली गिरजाक्काला. राणोजीचे डोळे भरून आले.

गिरजाक्का म्हणाली, "ऊठ बाबा." हत्तीनं डोळे उघडले, पण सोंड हलेना. का बरं? अरे, एका घरची राख राहिली होती ना!

राणोजी घरी गेला. बराच वेळ चुलीपाशी बसून राहिला. मग चिमूटभर राख आणली आणि गिरजाक्काच्या कपाळाला लावली. हत्तीनं सोंड उचलली, आणि धो धो पाणी!

पाणी आल्याचं कळताच सेनापती परत आला. हुकूम सोडू लागला. पण प्रत्येक हुकमाला लोक आधी गिरजाक्काच्या तोंडाकडे बघायचे. शेवटी वैतागून तो आपल्या मुलखाला गेला. निघण्याआधी त्याच्या घोड्यांना मात्र गिरजाक्कानं पोटभर पाणी पाजलं.

मग सगळे सुखानं राहिले. राणोजीसुद्धा. पाटाची राखण तोच करायचा. चला, पाणी पोचलं शेतात, आता तुम्हीही मिटा डोळे.