बॅटरी फोडायची जागा

तुम्ही सगळे काही मोजता, आणि मोजणे नेमके तिथे थांबवता जिथे तुमच्या कुंपणाची शेवटची तार असते. तिच्यापलीकडे जे सांडते त्यापुढे तुम्ही शून्य लिहिता आणि त्या शून्यावर सही मागता. आत्ताच रागावू नका. आधी गोष्ट ऐका, मग खुशाल रागवा.

एकदा एक वृद्ध परीक्षक होते. एखादी वस्तू खाणीतल्या मातीतून निघाल्यापासून ती मोडीत निघेपर्यंत हवेवर, पाण्यावर, जमिनीवर किती भार टाकते, हे मोजण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांची एक शिष्या होती. हुशार, सडेतोड आणि उतावळी. तिच्या धाकट्या भावाला दमा होता आणि घराखालच्या थांब्यावर दिवसभर डिझेलच्या रिक्षा धूर ओकत उभ्या असत. एका व्यापाऱ्याने विजेच्या रिक्षांसाठी शिशाच्या बॅटऱ्यांचा कारखाना काढला. शहरातल्या सगळ्या रिक्षा बदलायचे कंत्राट त्याला मिळणार होते. फक्त परीक्षकांची सही हवी होती. ते काम शिष्येने गुरूंकडून मागून घेतले.

तिने अहवाल जीव ओतून लिहिला. खाणीतले शिसे, आम्ल, भट्टीचे इंधन, चार्जिंगची वीज, काही सोडले नाही. शेवटच्या प्रकरणात तिने लिहिले: जुन्या बॅटऱ्या परत येतात, त्यांतले शिसे पुन्हा वापरले जाते, सबब तेवढा भार वजा. विजेची रिक्षा डिझेलच्या रिक्षेपेक्षा कितीतरी सरस ठरली.

सहीच्या दिवशी कारखान्याच्या आवारातच, व्यापाऱ्याच्या बंगल्यासमोर मांडव घातला होता. पालिकेचे मोठे साहेब कोणत्याही क्षणी येणार होते. गुरूंनी शेवटचे पान वाचले आणि पेन खिशातच ठेवले.

"जुन्या बॅटऱ्या फोडतात कुठे?"

"ओढ्यापलीकडे, सर. तिथे भंगाराचे यार्ड आहे."

"गेली होतीस?"

"फोटो मागवले होते." तिचा आवाज चढला. "सर, शिसे परत येते ना? मग झाले! कसे फोडतात त्याने आकडा फारसा हलत नाही."

"कसला आकडा?"

"कार्बनचा."

गुरू उठले आणि व्यापाऱ्याला म्हणाले, "शेठ, यार्डातून एक मेलेली बॅटरी मागवा. आणि ती फोडायची कुऱ्हाड."

व्यापारी मोठ्याने हसला. "सर, शुभकार्याला लोक नारळ फोडतात!" पण सही व्हायची होती. त्याने माणूस पिटाळला.

थोड्या वेळाने यार्डातली एक बाई आली. डोक्यावर बॅटरी, हातात कुऱ्हाड. आम्लाने तिच्या पदराची चाळण झाली होती. गुरूंनी बॅटरी मांडवाच्या मधोमध, गालिच्यावर ठेवायला लावली. पहिल्या रांगेत व्यापाऱ्याची सून तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. गुरूंनी बाह्या सारल्या आणि दोन्ही हातांनी कुऱ्हाड डोक्यावर उचलली.

"थांबा!" व्यापारी खुर्ची पाडत धावला. "डोकं फिरलं का, सर? आत आम्ल आहे, शिसं आहे! समोर तान्हं लेकरू बसलंय, दिसत नाही?"

"दिसते आहे," गुरू शांतपणे म्हणाले. "मग कुठे फोडू?"

"कुठंही! तिकडं, लांब."

बाईने बॅटरी पुन्हा उचलली. गुरू बागेत जाऊन उभे राहिले. "इथे?"

"तिथं नको, खाली आमची बोअर आहे. घरात तेच पाणी पितो."

ते एका पत्र्याच्या छपराशी गेले. "इथे?"

"अहो, कामगार जेवतात तिथं!"

फाटकापाशी गुरूंनी पुन्हा कुऱ्हाड उचलली. तेवढ्यात बाहेर साहेबांची गाडी येऊन थांबली. व्यापाऱ्याने हातच जोडले. "सर, पाया पडतो तुमच्या. आत्ता तमाशा नको. ती ओढ्यापलीकडं न्या. तिथं कुणी नसतं."

बाईने बॅटरी खाली टेकवली.

"कुणी नसतं कसं, शेठ? माझी पोरं तिथंच खेळतात. मी फोडत असले की पोरं दुसरीकडं कुठं जाणार?"

शिष्येचे डोळे रागाने भरून आले होते. "सर, हे सगळे खरे आहे. पण तुम्ही सही केली नाहीत, तर उद्याही डिझेलच. माझा भाऊ रात्ररात्र बसून श्वास घेतो. त्याला काय सांगू? थांब म्हणून?"

गुरूंनी कुऱ्हाड भिंतीला टेकवून ठेवली.

"मी घाव घालणार नव्हतो, हे तुला ठाऊक आहे. शेठ जिथे जिथे 'नको' म्हणाले, ती तुझ्या अहवालात लिहायची राहिलेली पाने आहेत. तुझे गणित चुकलेले नाही. पण काय मोजायचे हे तू ठरवलेस, तिथेच अर्धा निकाल लागला. धूर तू मोजलास, कारण भावाचा खोकला तुला घरात ऐकू येतो. हिच्या मुलांच्या रक्तात उतरलेले शिसे खोकत नाही. म्हणून ते नाहीच, असे आपण धरून चाललो. बॅटरीशी माझे वैर नाही. तिचे मरणही तिच्या आयुष्यातच मोजायचे, एवढेच मी म्हणतो. फोडणे या आवारात आणा. बंद शेड, आम्ल साठवायची टाकी, धूर गाळायची सोय. मी त्याच दिवशी सही करीन, आणि तुझ्या भावाला सांगायला तुझ्याबरोबर येईन."

शिष्येने अहवाल उघडला आणि 'सबब तेवढा भार वजा' या ओळीवर काट मारली. रेघ सरळ आली.

"आवारात?" व्यापारी पुटपुटला. साहेब गाडीतून उतरून सगळ्यांची तोंडे पाहत होते. "इथं कुठं, सर? एवढ्या माणसांत? जागाच नाही."

तोवर मुलाला खांद्यावर घेऊन सून फाटकापर्यंत आली होती.

"अप्पा, आपल्या बंगल्याला लागून मोकळी जागा आहे, तिथं बांधा," ती म्हणाली. "म्हणजे शेड नीट बांधली जाईल."