भरड ठिपक्यांचा पडदा

संगणकाचे पडदे माणसांशी बोलत, तेव्हाची ही गोष्ट. एक्स-रे तपासणाऱ्या डॉक्टर कुमुद आगवणे यांना जोडीला दुसरा पडदा हवा होता. दुकानदाराने एकाच किमतीचे दोन पडदे दवाखान्यात आणले, एक मोठा, एक लहान.

टेबलावरचा जुना पडदा काकुळतीने म्हणाला, "बाई, लहान घ्या. त्याचे चित्र उमटवणारे ठिपके बारीक आहेत."

"मोठा पाहून पेशंटला भरवसा वाटतो," म्हणत बाईंनी मोठा घेतला. त्याच्यावर यमुनाबाई नावाच्या पेशंटच्या छातीचा एक्स-रे पाहून त्या तिला म्हणाल्या, "निर्धास्त जा."

सहा महिन्यांनी यमुनाबाई वारल्या. बाईंनी तोच एक्स-रे जुन्या पडद्यावर उघडला. फुफ्फुसात तिळाएवढा डाग होता.

"मला दाखवला का नाहीस?" त्यांनी नव्याला विचारलं.

"माझे ठिपके भरड, बाई. त्यांत तो विरून गेला."

बाहेर यमुनाबाईंची लेक आईचे कागद मागत होती.