बुजवलेल्या खिडकीची कहाणी

मी पोलिसांना सांगितलं, कुणी खरं मानलं नाही. विद्यापीठातल्या साहेबांना सांगितलं, त्यांनी पाणी पाजून परत पाठवलं. आळीतल्या बायकांना सांगितलं, त्या म्हणाल्या, हिचं डोकं फिरलंय. म्हणून आता कहाणी करून सांगते. कहाणीला कुणी खोटं म्हणत नाही. हातात अक्षता घ्या नि गप ऐका. ऐक जिवतीमाय, तुझ्या लेकराची कहाणी.

आटपाट नगर होतं. नगरात विद्यापीठ होतं, विद्यापीठाला वसतिगृह होतं, वसतिगृहात जागा नव्हती. म्हणून भोवतालच्या आळ्यांत लोक खोल्या भाड्यानं देत. तिथं एक बाई होती. चौथी शिकलेली, तोंडानं फटकळ. तिनं मागची खोली एका पोरीला दिली. पोरीचं नाव प्रांजल, दूरच्या खेड्यातून आलेली. खोलीला न्हाणी होती, न्हाणीत गॅसचा गिझर होता, वर हातभर खिडकी होती. खिडकीसमोर गच्ची, गच्चीवर टवाळ पोरं. बाईला वाटलं, परक्याची लेक आपल्या घरी, तिची अब्रू आपण राखावी. मग तिनं काय केलं? कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स आणला, खिडकीवर खिळ्यांनी ठोकला, कडांना चिकटपट्टी लावली. मग आळीत सांगत सुटली, माझ्या घरात वाराही आत डोकावत नाही.

श्रावण आला. पहिला शुक्रवार आला. पोरगी म्हणाली, "काकू, अंघोळ केली की डोकं गरगरतं हो."

बाई म्हणाली, "उपाशीपोटी न्हातेस, गरगरेल नाही तर काय? पोहे खा आधी."

दुसरा शुक्रवार आला. पोरगी भिंत धरत बाहेर आली. "काकू, उलटी झाली. तो फ्लेक्स जरा काढू का?"

"काढ की! अन् गच्चीवरच्या मेल्यांना तिकीट लावून बसव. उद्या तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?"

मग बाईनं मीठमोहऱ्या घेतल्या, पोरीवरून तीनदा उतरल्या, चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या. "बघ, केवढी दृष्ट होती!" पोरगी हसली. काकूंचं मन राखायला हसली.

तिसरा शुक्रवार आला. पोरगी काहीच बोलली नाही. दोनदा बोलून झालं होतं. बाईनं जिवतीला हळदकुंकू वाहिलं, पुरणाचे दिवे केले, स्वतःच्या लेकाला ओवाळलं. मग म्हणाली, पोरीलाही ओवाळू, तीही लेकरूच. पाट मांडला नि वाट बघत बसली. न्हाणीत पाणी वाहत होतं. पाणी वाहतंय म्हणजे न्हातेय, असं बाईनं मानलं. दिव्यांतलं तूप सरलं, वाती विझल्या, पाणी वाहतच होतं. मग दार ठोठावलं. मग दार फोडलं.

डॉक्टर म्हणाले, "बंद जागेत गिझर जळला की विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो. खिडकी उघडी असती तर पोरगी जगली असती."

विद्यापीठ म्हणालं, खोली आमच्या भिंतीबाहेरची. गिझर बसवणारा म्हणाला, मी बसवला तेव्हा खिडकी उघडी होती. पोलीस म्हणाले, अपघात. बाई म्हणाली, "अहो, मी बुजवली खिडकी! तिनं दोनदा सांगितलं होतं!" शेजारीण म्हणाली, "गप गं, तू तर आईसारखी जपत होतीस." ते ऐकून बाईला जमीन पोटात घेईना.

मग विद्यापीठातली पोरं आळीआळीत आपापल्या खोल्यांवर गेली. न्हाणीच्या खिडक्यांत जे जे कोंबलेलं होतं ते उपसून त्यांनी विद्यापीठाच्या फाटकाशी आणून टाकलं. फळ्या, पत्रे, जुन्या साड्या, रद्दी. पुरुषभर ढीग झाला. कुणी घोषणा दिली नाही. शिकवणारे आले, तेही माना खाली घालून उभे राहिले. बाईनं आपला फ्लेक्स स्वतः नेऊन ढिगावर टाकला. कुणी तिच्याकडं बघितलं नाही.

मग पोरीची आई आली. म्हणाली, "लेक जवळ नाही, म्हणून शुक्रवारी मी चारी दिशांना अक्षता टाकल्या. तुमच्या घराच्या दिशेला एक मूठ जास्त टाकली."

बाई म्हणाली, "ताई, त्या आत यायला मी जागाच ठेवली नव्हती."

आईनं शिव्या दिल्या नाहीत, माफीही दिली नाही. तिनं वसा दिला. "हे असंच सगळ्यांना सांगा. उतू नका, मातू नका, आणि अपघात म्हणू नका."

तो वसा कसा करावा? श्रावणातल्या शुक्रवारी उठावं. जिवतीच्या आधी भाड्याच्या खोलीत जावं. न्हाणीची खिडकी उघडावी, गिझर बाहेरच्या भिंतीला लावावा. लेकराला विचारावं, डोकं दुखतं का? हो म्हणालं तर खरं मानावं. मग हळदकुंकू.

बाईनं वसा घेतला. तिला फळ मिळालं नाही, तिनं मागितलंही नाही. जिवतीमाय, ते फळ ऐकणाऱ्यांच्या लेकरांना दे. ती न्हाऊन न्हाणीबाहेर येवोत, ओवाळायला पाटावर बसोत. साठ दारांत सांगितली, पाच दारांनी ऐकली, कहाणी इथं पुरी झाली.

आता टाका अक्षता. आणि दोष कुणाचा, असं घरी कुणी विचारलं तर माझं नाव पुरतं सांगा: विमल दौलत गवांदे.