सपाट न बसणारा पापुद्रा

एका गावातल्या विज्ञान कॉलेजात शिरगुप्पे नावाचे एक सर होते. सरांना वाकडं काही खपायचं नाही. टेबलावरचं डस्टरसुद्धा ते काटकोनात ठेवायचे.

दोन वर्षं सर संगणकावर सिलिकॉनचा एक पापुद्रा रचत होते. पापुद्रा तरी कसला, जेमतेम एका अणूच्या जाडीचा! शहरातल्या प्रयोगशाळेतली माणसं त्या आराखड्यावरून तो खरोखर बनवणार होती. आराखडा शनिवारी दुपारपर्यंत द्यायचा होता. पण पापुद्रा काही टिकेना. संगणकात जरासा धक्का दिला की थरथरायचा आणि फाटायचा.

कार्बनचा असाच पापुद्रा अगदी सपाट असतो. सरांनी त्याचाच साचा घेतला होता आणि एकही अणू वर-खाली होऊ नये म्हणून सगळ्यांच्या उंचीला जणू कुलूपच घातलं होतं.

"सर, उंची मोकळी सोडून बघू या का?" सहकारी मालनताई म्हणाल्या.

"कशाला? कार्बन आणि सिलिकॉन एकाच घराण्यातले. थोरला सरळ वागतो, मग धाकट्याला काय धाड भरलीय?"

"धाकटा अंगाने मोठा आहे, सर. थोरल्याचा सदरा त्याला कसा बसेल?"

सरांनी ऐकलं नाही.

शनिवार उजाडला. पापुद्रा पुन्हा फाटला. ते लपवून नुसतं सपाट चित्र पाठवून द्यावं, असं सरांच्या मनात आलं. लगेच कोणाला कळलं असतं? पण त्या चित्रावर विसंबून प्रयोगशाळेतली माणसं वर्षभर राबतील, हे आठवलं आणि सरांचा हात थबकला. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"ताई, काढा ते कुलूप," ते हळूच म्हणाले.

उंची मोकळी झाली. अणू एकाआड एक किंचित वर, किंचित खाली सरकले आणि थांबले. मालनताईंनी धक्का दिला. पापुद्रा हलला आणि पुन्हा जागेवर आला. त्यांनी आणखी जोराचा धक्का दिला. तरी फाटला नाही.

सरांचं दोन वर्षांचं ओझं एका क्षणात उतरलं होतं. "अहो ताई, हा सपाट नाही म्हणूनच टिकलाय की!" असं म्हणून ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

आराखडा वेळेवर गेला. निघताना मालनताईंनी मुद्दाम डस्टर तिरकं ठेवलं. सरांनी ते पाहिलं आणि तसंच राहू देऊन दार ओढून घेतलं.

तात्पर्य: दुसऱ्याच्या मापात कोंबलेलं टिकत नाही, ज्याला त्याला आपल्या घडणीने उभं राहू द्यावं, आणि त्यासाठी आपला हट्ट वेळीच सोडावा.