नानाची फेरी

चूक नानाचीच होती. वयाने मोठा म्हणून तिच्यावर पांघरूण घालायचं काही कारण नाही.

मोटारी ड्रायव्हरशिवाय हिंडायच्या त्या काळची ही गोष्ट. हौशी गाड्या वर्षातून एकदा गावाबाहेरच्या माळावर जमत, रबरी शंकू मांडत आणि त्यांच्यामधून नागमोडी पळत. शंकू पडला की सगळ्या हसत, आणि पाडणारी सगळ्यांत जास्त. नाना ही त्यांतली सर्वांत जुनी, काळी मोटार. तो मात्र बाभळीखाली उभा राहून चुका काढायचा.

"हे काय वळण झालं? आमच्या वेळी शंकू हलतसुद्धा नसे."

"तुमच्या वेळी दगड मांडायचे, नाना," जीप म्हणाली. "ते कसले हलतात? हलायचा तो तुमचा बंपर."

माळभर हशा पिकला. धाकटी लाल चिमी नानाजवळ येऊन थांबली. "चला ना, एकच फेरी. शंकू पडला तर मी उभा करीन."

नानाची चाकं शिवशिवत होती. पण पोराटोरांसमोर शंकू पडला तर? "इंजिन गार आहे गं," तो म्हणाला.

"मागच्या वर्षीही गारच होतं," म्हणत चिमी निघून गेली.

संध्याकाळी शंकू गोळा करून सगळ्या गाड्या एकमेकींना चिडवत उतार उतरल्या. आवाज विरेपर्यंत नाना थांबला. मग रिकाम्या माळावर त्याने फेरी मारली. झकास झाली. एकही शंकू पडला नाही, कारण तिथे एकही नव्हता. वळून त्याने बाभळीकडे पाहिलं. चुका काढायलाही कोणी उरलं नव्हतं.

पुढच्या वर्षी चिमीने त्याला विचारलं नाही.