एकोणीस नावं जास्त

“मग जुन्या कमांड ठेवायच्या तरी कशाला, साहेब?” निनाद केळुस्करनं विचारलं.

हुसेनसाहेब मुजावर मिरजेच्या एका रक्तपेढीत अठ्ठावीस वर्षं संगणक सांभाळत होते. रक्तदात्यांच्या नोंदी चाळायच्या सत्तर कमांड त्यांनीच लिहिलेल्या, सगळ्या ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या प्रोग्रॅमच्या जुन्या रीतीच्या. निनाद त्यांच्या हाताखाली येऊन महिना झाला होता. त्यानं एका दुपारीत सत्तरच्या सत्तर कमांड नव्या रीतीवर नेल्या, आणि तेव्हापासून स्वारी हवेत होती.

साहेब चष्मा पुसत राहिले…

“एकाही ठिकाणी मशीन अडलं नाही,” निनाद म्हणाला.

“उद्या बी पॉझिटिव्हच्या तीन पिशव्या हव्यात. यादी काढ.”

नाव आणि फोन नंबर, एवढीच यादी निघायची. निमिषात निघाली.

“जुनी कमांड तीनशे बारा नावं द्यायची. माझी तीनशे एकतीस देते. एकोणीस माणसं तुमच्या नजरेतून सुटत होती, साहेब.”

हे सांगताना त्याला आवाज जरा खाली ठेवता आला असता. नाही ठेवला.

साहेबांनी पडद्यावर एका नावावर बोट टेकवलं. “यांना बोलाव.”

फोन इचलकरंजीत विमल कोष्टींनी उचलला.

“येते की. पण मी बी निगेटिव्ह हाय. एकदा दिलं की बाईमाणसाला चार म्हैने देता येत न्हाई. मधीच कुणा निगेटिव्हवाल्याला लागलं, तर ओ?”



बाईंची माफी मागून निनादनं फोन ठेवला आणि कमांड उघडली. तिच्यात गट ‘B+’ असा लिहिलेला. जुन्या रीतीत अधिकचं चिन्ह म्हणजे नुसतं अधिकचं चिन्ह. नव्या रीतीत त्याचा अर्थ, आधीचं अक्षर एकदा किंवा कितीही वेळा. त्यामुळे ‘बी’नं सुरू होणारा प्रत्येक गट यादीत शिरला होता, आणि ते एकोणीस जण म्हणजे बी निगेटिव्हवाले, वेळेला शोधूनही न मिळणारे. त्याला लाज वाटली. वाटायलाच हवी होती.

“नवी रीत वाईट आहे का, साहेब?”

“छान आहे. घरी मी तीच वापरतो.”

“मग उरलेल्या एकोणसत्तर कमांडमध्ये कुठं कुठं चुकलोय, तेवढं तरी सांगा.”

साहेबांनी फोन त्याच्यापुढे सरकवला.

“प्रत्येक कमांडची यादी काढ. ज्यांना बोलावणार आहेस, त्यांना विचार.”